दाण्यातील प्रथिने व त्यांची जनुके : भाकरी, पाव आणि खपली गहू

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे गाव महाराष्ट्रातील दोडामार्गाच्या हद्दीलगत वसलेले आहे. पावसाळ्यात भात, उतारावर काजू, पाण्याच्या आधाराने माड-पोफळीची कुळागरे, अशी येथील शेतीची रीत आहे. गहू येथे पिकत नाही. त्याला लागणारी कोरडी थंडी या दमट मुलखात मिळत नाही. तरीही गव्हाचे पदार्थ गावाला परके राहिलेले नाहीत. सकाळी पोदेर पाव व पोळी घेऊन येतो, रास्त भावाच्या दुकानांनी चपातीची सवय घरोघर पोहोचविली आणि अलीकडे 'खपली गहू' या नावाचे पीठही बाजारात चढ्या भावाने विकले जाऊ लागले आहे. त्याच वेळी तांदळाची भाकरी आणि नाचणीचे आंबील ही जुनी अन्नेही टिकून आहेत.

ही सर्व धान्ये गवताच्या एकाच कुळातील आहेत. असे असता गव्हाची कणीक ताणली जाते आणि तांदळाचे पीठ ताणले जात नाही, याचे कारण काय? हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर दाण्यातील प्रथिनांत आणि ती प्रथिने घडविणाऱ्या जनुकांच्या लक्षावधी वर्षांच्या इतिहासात आहे. मुलांचे पोषण, भाताच्या वाणांची निवड आणि काही रुग्णांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष प्रकृतीची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्या इतिहासाशी निगडित असल्यामुळे तो समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एक सोपा प्रयोग

हा प्रयोग कोणत्याही प्राथमिक शाळेत करता येण्यासारखा आहे. मूठभर गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा मळून अर्धा तास ठेवावा आणि नंतर वाटीभर पाण्यात तो हलक्या हाताने चोळीत राहावा. पाणी दुधासारखे पांढरे होते. तो पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा अंश होय. पाणी बदलीत गेल्यास अखेरीस हाती रबरासारखा चिवट, पिवळसर करडा गोळा उरतो. यालाच ग्लूटेन म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १७२८ साली हाच प्रयोग विद्वानांपुढे मांडला होता. तांदळाच्या वा नाचणीच्या पिठावर हीच क्रिया केली तर गोळा विरघळून जातो व हाती काहीही उरत नाही.

तांदळात प्रथिने नाहीत, असा याचा अर्थ मात्र नव्हे. शंभर ग्रॅम तांदळात सात ते आठ ग्रॅम, नाचणीत सुमारे सात ग्रॅम आणि गव्हात साधारणतः दहा ते बारा ग्रॅम प्रथिने असतात. फरक प्रमाणापेक्षा जातीचा अधिक आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ ऑसबोर्न याने १९०७ च्या सुमारास धान्यातील प्रथिनांचे चार वर्ग पाडले : पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिने, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिने, मद्यार्कात विरघळणारी प्रोलॅमिने आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीत विरघळणारी ग्लूटेलिने. ही विभागणी आजही वापरात आहे. तथापि जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर तिच्यातील एक गफलत उघड झाली. गव्हातील ग्लूटेनिन आणि तांदळातील ग्लूटेलिन ही दोन्ही एकाच वर्गात मोडत असली तरी त्यांचे मूळ एक नाही.

तांदळाच्या ग्लूटेलिनाची जनुके ही वाटाणा, चवळी, सोयाबीन यांसारख्या कडधान्यांतील साठवणीच्या प्रथिनांच्या जनुकांशी सख्ख्या नात्याची आहेत. म्हणजे नावाने गव्हाचे भाऊबंद शोभणारे हे प्रथिन कुळाने डाळीचे नातलग आहे. हा जनुकवर्ग फार प्राचीन होय. एकदल व द्विदल वनस्पती वेगळ्या होण्यापूर्वीपासून तो बियांत होता. गव्हातील ग्लियाडिन व ग्लूटेनिन ही मात्र प्रोलॅमिन गटातील असून, हा गट गवतांच्या कुळात वाढलेला व पसरलेला आहे.

जनुके वाढतात कशी

बियांतील ही प्रथिने झाडाच्या कोणत्याही अवयवाला बळकटी देत नाहीत किंवा एखादी क्रियाही घडवीत नाहीत. अंकुर फुटल्यावर मुळे जमिनीत स्थिर होईपर्यंत त्याला नत्राचा पुरवठा करणे एवढेच त्यांचे काम. कणगीत भात कोणत्या आकाराच्या पोत्यात भरले आहे याला जसे फारसे महत्त्व नसते, तसेच या प्रथिनांचे आहे. त्यांच्या रचनेत बदल झाले तरी रोपाचे बहुधा बिघडत नाही. यामुळेच या जनुकांत बदल साठत गेले.

बदलाची मुख्य रीत द्विरुक्तीची. पेशीविभाजनाच्या काळात एखाद्या जनुकाची नक्कल चुकून दोनदा उतरते आणि दोन्ही प्रती शेजारी शेजारी राहतात. पुढे त्यांच्यात निरनिराळे फेरफार होतात, पुन्हा नकला होतात आणि कालांतराने एकाच जागी जनुकांचा जथा उभा राहतो. जनुकाच्या आतही तोच प्रकार घडतो. 'ग्लूटामिन-ग्लूटामिन-प्रोलिन' अशा काही अमिनो आम्लांचा तुकडा पुनःपुन्हा जोडला जाऊन प्रथिनाची साखळी लांबते. गव्हाच्या ग्लूटेनिनातील मोठ्या रेणूंचा मधला भाग अशा पुनरावृत्तीनेच बनलेला आहे. हे लांब रेणू टोकांशी गंधकाच्या बंधांनी एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. कणकेला ताण सोसण्याची शक्ती येते ती या जाळ्यामुळे. ग्लियाडिनामुळे तिला प्रवाहीपणा व लवचिकपणा येतो.

या वाढीत नासधूसही बरीच होते. ग्लूटामिन या अमिनो आम्लाची खूण डीएनएच्या लिपीत 'सीएए' किंवा 'सीएजी' अशी तीन अक्षरांची असते. त्यातील पहिल्या 'सी'च्या जागी 'टी' आला की 'टीएए' किंवा 'टीएजी' ही खूण बनते आणि तिचा अर्थ होतो 'येथे थांबा'. प्रथिन अर्धवट राहते व जनुक निकामी होते. ग्लियाडिनांत ग्लूटामिनाची रेलचेल असल्याने असा अपघात त्यांच्यात वारंवार घडला. 'चायनीज स्प्रिंग' या गव्हाच्या वाणाचा तपशीलवार अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात अल्फा-ग्लियाडिनाची ४७ जनुके आढळली; त्यांपैकी पूर्ण प्रथिन देऊ शकणारी २६ च होती. बाकीची घराच्या माळ्यावर पडलेल्या मोडक्या अवजारांप्रमाणे केवळ जागा अडवून आहेत.

भात आणि गहू यांचे पूर्वज सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले असावेत. भाताने जुना ग्लूटेलिनाचा मार्ग कायम ठेवला आणि गहू, सातू (जव) व राय यांच्या शाखेत प्रोलॅमिने फोफावली. ज्वारी व मका यांनी तिसरी वाट धरली. त्यांचीही प्रोलॅमिने विपुल आहेत, परंतु ती कणकेसारखे जाळे विणीत नाहीत. ओटचे उदाहरण लक्षणीय आहे. नात्याने तो भातापेक्षा गव्हाला जवळचा, पण त्याच्या दाण्यातील बहुतांश प्रथिन भाताप्रमाणे ग्लोब्युलिन कुळातले. यावरून असे दिसते की जनुकांचा संच वारशाने मिळाला तरी त्यांतील कोणत्या जनुकाने किती काम करावे, याचा निर्णय प्रत्येक शाखेत निराळा झाला.

घाटावरच्या गृहिणी गव्हाच्या शेवया हाताने ताणून काडीवर वाळत घालतात. गोव्यात तांदळाच्या शेवया मात्र पीठ शिजवून गरम असतानाच साच्यातून दाबून काढाव्या लागतात. तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढावी लागते तीही याच कारणाने. येथे पिठाला धरून ठेवणारे प्रथिनाचे जाळे नसते. गरम पाण्याने फुगलेले पिष्टच ते काम करते. शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर वर्षांत सिद्ध केलेली गोष्ट दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांनी आपापल्या परीने केव्हाच हेरली होती.

गव्हाच्या तीन पिढ्या

गव्हाचा वंश एकेरी नाही. काही लक्ष वर्षांपूर्वी पश्चिम आशियात १४ गुणसूत्रांच्या दोन रानगवतांचा नैसर्गिक संकर होऊन २८ गुणसूत्रांचा रानटी एमर गहू निर्माण झाला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मनुष्याने तो लागवडीखाली आणला. आपल्याकडचा खपली गहू हा या लागवडीच्या एमरचाच वंशज होय. मळणी केली तरी त्याचा दाणा टरफलातून सुटत नाही, कांडावा लागतो. बन्सी किंवा बक्षी म्हणून ओळखला जाणारा कठीण गहूही २८ गुणसूत्रांचाच आहे. पुढे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी कास्पियन समुद्राच्या परिसरात शेतात तणासारखे वाढणारे एक गवत, एजिलॉप्स टॉशी, याचा एमर गव्हाशी संकर झाला आणि ४२ गुणसूत्रांचा आजचा सर्वसामान्य गहू उदयास आला.

या तिसऱ्या गवताची देणगी मोठी आहे. ग्लूटेनिनाच्या मोठ्या रेणूंची एक जोडी त्याच्या 'डी' गुणसूत्रावर असते. केंब्रिज येथील पीटर पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास असे दाखवून दिले की, या ठिकाणी '५+१०' हा जनुकांचा जोड असलेल्या वाणांचा पाव चांगला फुगतो आणि '२+१२' हा जोड असलेल्यांचा तितका फुगत नाही. पोदेराच्या भट्टीतील पाव फुलतो त्याचे श्रेय पुष्कळसे या तणाला द्यावे लागते. खपली व बन्सी गव्हात हा 'डी' संच मुळीच नसल्याने त्यांचा रवा व शेवया उत्तम होतात, पण पाव बसका होतो. चपातीला पावाइतकी ताठर कणीक चालत नाही. एका पदार्थाला उत्तम ठरणारा गहू दुसऱ्याला उत्तम असतोच असे नाही, हे गहू खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हरवलेले जनुक

आतापर्यंत उल्लेखिलेली जनुके प्रत्यक्ष प्रथिने घडविणारी आहेत. दाण्यात एकूण प्रथिन किती भरावयाचे हे ठरविणारी जनुके निराळी असतात. त्यांपैकी एकाची हकीगत विशेष उद्बोधक आहे.

१९०६ साली पॅलेस्टाइनमध्ये, गॅलिली भागातील रोश पिना येथे ॲरन ॲरनसन या कृषिशास्त्रज्ञाला रानटी एमर गहू डोंगरावर उगवलेला आढळला. पुढे या रानटी गव्हाच्या काही नमुन्यांत प्रथिनांचे प्रमाण लागवडीच्या गव्हापेक्षा बरेच जास्त असल्याचे दिसून आले. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा येथील संशोधकांनी रानटी गव्हाची गुणसूत्रे एकेक करून बन्सी गव्हात आणली आणि हा गुण सहाव्या 'बी' गुणसूत्रावर असल्याचे निश्चित केले. अखेर २००६ साली उआउय, डिस्टेलफेल्ड, फाहिमा, डुबकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक वेगळे काढले. त्याला 'नॅम-बी१' असे नाव आहे.

हे जनुक साठवणीचे प्रथिन बनवीत नाही. ते मुकादमाचे काम करते. दाणा भरू लागला की पाने पिवळी पडण्याची क्रिया ते लवकर सुरू करते आणि पानांतील नत्र, लोह व जस्त दाण्याकडे पाठविते. संशोधकांनी या जनुकाचे व त्याच्या भावंडांचे कार्य मुद्दाम मंद केले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली आणि दाण्यातील प्रथिन, लोह व जस्त ३० टक्क्यांहून अधिक घटले.

या संशोधकांनी तपासलेल्या रानटी एमरच्या ४२ नमुन्यांपैकी सर्वांत हे जनुक शाबूत होते. लागवडीच्या एमरच्या १९ पैकी १७ नमुन्यांत ते शाबूत आढळले. बन्सी वर्गातील ५७ वाणांपैकी मात्र एकातही ते चालू स्थितीत नव्हते; एका अक्षराची भर पडून जनुकाचे वाचनच बिघडले होते. तपासलेल्या सामान्य गव्हाच्या वाणांतही ते बिघडलेले किंवा गळून पडलेले होते. अलीकडे उत्तर युरोपातील थोड्या जुन्या वाणांत ते सापडले आहे. तेथील उन्हाळा लहान असल्याने पीक लवकर पिकणे फायद्याचे ठरले असावे.

प्रथिन वाढविणारे जनुक शेतकऱ्याने का गमाविले? पाने जास्त दिवस हिरवी राहिली की पिष्ट भरण्यास अवधी मिळतो आणि दाणा टपोरा होतो. पुरातन शेतकऱ्याला दाण्यातील प्रथिन दिसणे शक्य नव्हते; टपोरा दाणा दिसत होता, आणि बियाण्यासाठी त्याने तोच राखला. यात त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. उत्पन्न वाढले की प्रथिनाचे शेकडा प्रमाण घटते, हा अनुभव अधिक उत्पन्नाच्या वाणांबाबत आजही येतो. मूळ जनुक साध्या संकरणाने पुन्हा गव्हात आणता येते व त्यायोगे शंभर ग्रॅम दाण्यामागे एक ते दीड ग्रॅम प्रथिन वाढू शकते. कोणत्या हवामानात याने दाणा बारीक पडतो आणि कोणत्या हवामानात पडत नाही, हे मात्र ठिकठिकाणी पाहावे लागते.

पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने (स्थापना १९४६) चालविलेल्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हाचा 'एमएसीएस ४०२८' हा वाण दिला आहे. त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिन आहे. 'एमएसीएस २९७१' हा खपली गव्हाचा बुटका वाणही याच संस्थेचा. उंच खपली वाऱ्यापावसाने लोळते, ती अडचण त्याने कमी झाली. धारवाड कृषि विद्यापीठाने 'डीडीके १०२५', 'डीडीके १०२९' हे खपलीचे वाण काढले आहेत. दोडामार्गाहून तिलारीचा घाट चढला की चंदगड-बेळगावचा मुलूख लागतो. खपली त्याच पट्ट्यात व पलीकडे सांगली, साताऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे.

भात खाणाऱ्यांसाठी

लाटंबार्से व परिसरातील शेतकऱ्याला गव्हापेक्षा भाताचा विचार अधिक जवळचा. भाताच्या प्रथिनाचे प्रमाण कमी असले तरी त्याचा दर्जा गव्हाहून सरस आहे. प्रोलॅमिनांत ग्लूटामिन व प्रोलिन यांची गर्दी असते आणि लायसिन हे शरीराला अत्यावश्यक असलेले अमिनो आम्ल फार थोडे. शंभर ग्रॅम प्रथिनामागे गव्हात लायसिन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, तर तांदळात साडेतीन ग्रॅमच्या पुढे असते. प्रौढ मनुष्याच्या आहारात ते साडेचार ग्रॅम असावे असा दंडक आहे, व वाढत्या मुलांना याहून थोडे जास्तच लागते. ही तूट कडधान्याने सहज भरून निघते, कारण त्यांच्या प्रथिनात लायसिन सहा-सात ग्रॅम असते. पावसाळी भात काढल्यावर शेतातल्या ओलीवर आळसांदे घेण्याची गोव्यातील प्रथा या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची आहे. पेजेबरोबर आळसांद्याचे तोंडाक म्हणजे लायसिनाचा हिशेब जुळलाच. तीच जमीन उन्हाळाभर पडीक ठेवणे हे पोषणाच्या दृष्टीने नुकसानीचे होय.

भातात प्रथिनाचे प्रमाणही वाढविता येते. कटक येथील राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आसामातील एका जुन्या संग्रहित वाणाचा 'नवीन' या वाणाशी संकर करून 'सीआर धान ३१०' हा वाण तयार केला व तो २०१६ साली प्रसारित झाला. त्याच्या सडलेल्या तांदळात प्रथिन १० टक्क्यांच्या किंचित वर आहे. अधिक उत्पन्नाच्या 'जया'सारख्या वाणांपुढे मागे पडलेली जुनी बियाणी निरुपयोगी समजून टाकून देऊ नयेत, याला हे चांगले प्रमाण आहे. गोव्यातील दामगो, कोरगूट, पाटणी यांसारख्या वाणांचे मूठमूठ बियाणे जेथे शिल्लक असेल तेथे ते कृषि खात्याच्या किंवा जुने गोवे येथील संशोधन संस्थेच्या नजरेस आणावे. दाण्याच्या बाहेरील थरांत प्रथिन अधिक असते. म्हणून तांदूळ जितका पांढराशुभ्र सडावा तितके ते कोंड्याबरोबर जाते व गुरांच्या वाट्याला येते.

खपली गव्हाविषयी सावधगिरी

खपलीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'खपलीत ग्लूटेन नसते' किंवा 'गव्हाची ॲलर्जी असणाऱ्याने खपली खावी' असे जे सांगितले जाते ते साफ चुकीचे असून काहींच्या जिवावर बेतू शकणारे आहे.

सिलिअक नावाच्या विकारात ग्लूटेनामुळे लहान आतड्याच्या आतील अस्तराची हानी होते. मुलाची वाढ खुंटते, वारंवार जुलाब होतात, पोट फुगते, रक्तक्षय होऊन तो औषधाने बरा होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी हॉलंडमध्ये डिके या बालरोगतज्ज्ञाने पावाचा संबंध या विकाराशी जोडला. तेथील टंचाईत गहू मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुले सुधारली व पाव पुन्हा मिळू लागताच ढासळली. प्रोलिन विपुल असल्याने ग्लियाडिनाचे काही तुकडे पाचकरसांनी तुटत नाहीत. २००२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी असा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवून दिला. हा विशिष्ट तुकडा 'डी' संचातील जनुकांपासून येतो. साहजिकच तो खपलीत नसतो, आणि वरील गैरसमजाचे मूळ बहुधा येथेच असावे. पण खपलीच्या 'ए' व 'बी' संचांतील ग्लियाडिनांतही अपाय करणारे दुसरे तुकडे आहेतच. सिलिअक रुग्णाला खपली, बन्सी, रवा, मैदा, सातू हे सर्व वर्ज्य होय.

भारतात या विकाराचे प्रमाण उत्तरेकडे शंभरात एकाच्या आसपास, तर दक्षिणेत हजारात एकाच्या जवळपास आढळले आहे. भात खाणाऱ्या प्रदेशात तो क्वचित दिसतो म्हणून त्याची शंकाच घेतली जात नाही. शाळेच्या माध्यान्ह आहारातील पाव-भाजी खाल्ल्यानंतर एखाद्या मुलाला वारंवार त्रास होत असेल आणि त्याचे वजन वाढत नसेल, तर शिक्षकांनी ही गोष्ट पालकांच्या व आरोग्य केंद्राच्या कानावर घालावी. गहू बंद करण्याची घाई मात्र करू नये. विकाराची रक्ततपासणी गहू आहारात असतानाच खात्रीची ठरते. आधीच बंद केल्यास निदान हुकण्याचा संभव असतो. निदान पक्के झाल्यास भात, नाचणी, वरी, ज्वारी व सर्व कडधान्ये अशा मुलाला निर्धास्तपणे देता येतात. त्यांचे पीठ गव्हाच्या गिरणीत, गव्हापाठोपाठ दळून आणू नये. 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असू नये अशी देशातील अन्नसुरक्षा नियमांची मर्यादा आहे, आणि गिरणीच्या जात्यात उरलेले चिमूटभर गव्हाचे पीठही ती ओलांडण्यास पुरेसे होते.